फटीसमोरची खुर्ची

४ मार्च, बुधवार

बुडबुडा नाही. एकही नाही!

तीनदा उघडलं, तीनदा पुसलं, तीनदा पुन्हा बसवलं. माझ्या किरणमापकात स्फटिकाची काच आणि उजेड टिपणाऱ्या नळीची काच यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर द्यायचा असतो. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी हवा राहिली तरी उजेड तिथेच अडतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. आज टॉर्च मारून पाहिलं, तर दोन काचांच्या मध्ये काही आहे असं वाटतच नाही.

स्फटिक भंगारवाल्याकडचा. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातल्या पातळीमापकातून निघालेला. सोडियम आयोडाइड, ॲल्युमिनियमच्या डबीत बंद, एका तोंडाला काच. आत दमटपणा शिरला की हा पिवळा पडतो आणि मग कामातून जातो. हा अजून पाण्यासारखा नितळ आहे. भंगारवाल्याला तो पेपरवेट वाटत होता. "ताई, दोन घ्या, दुसरा अर्ध्यात देतो." दुसरा खरंच पेपरवेट होता. तोही घेतला. आता त्याच्याखाली माझी सर्किटची आकृती आहे.

दादा दारातून: "काय शास्त्रज्ञबाई, झाला का बाँब?"

आई स्वयंपाकघरातून: "आधी जेवून घे म्हणावं, मग फोड."

मी हात धुतले. जेवले. जेवताना बुडबुडा नाही हे तीनदा आठवलं.

५ मार्च

काळी चिकटपट्टी दोन रिळं संपली. अजून एक लागेल. नळीचा आता दंडाला प्लास्टर घातल्यासारखा अवतार झालाय.

७ मार्च, शनिवार

चालू झालं.

सकाळी पडदे ओढले, दिवा बंद, विजेचा दाब हळूहळू चढवला. पन्नास व्होल्ट, थांबायचं. आणखी पन्नास, थांबायचं. पट्टीतून उजेडाची तिरीप जरी आत गेली आणि दाब पूर्ण असला तर नळी कायमची आंधळी होते. दुसरी नळी मला मिळणार नाही. सातशेपर्यंत गेले. दर थांब्याला टॉर्च सगळ्या सांध्यांवरून फिरवत होते. आकडा हलला नाही. कुठूनही गळत नाही!

मग स्पीकर जोडला. टिक. टिक-टिक. थोडं थांबून, टिक.

नळीच्या जुन्या सर्किटवर कारखान्याने डांबरासारखा काळा गोळा ओतला होता. तो खरवडून काढायलाच दोन आठवडे गेले. नवी रेझिस्टरांची माळ मी घातली, एकेक मोजून. मूळ सर्किटपेक्षा गोंगाट निम्म्याहून कमी. हे मी कुणाला सांगितलं तर कळणार नाही. म्हणून इथे लिहिते: निम्म्याहून कमी.

वहिनी पोटावर हात धरून बघायला आली. सातवा सरत आलाय, तिला आता दारातून आडवं आत यावं लागतं असं ती स्वतःच म्हणते. "मला कळेल असं सांग. परीक्षेला बसायचं नाहीये मला."

सांगितलं. किरण स्फटिकात शिरतो, आत डोळ्याला न दिसणारी ठिणगी पडते. नळी ती ठिणगी लाखो पटीने मोठी करते. ठिणगी जेवढी मोठी तेवढी किरणाची ताकद जास्त. प्रत्येक पदार्थाचे किरण ठरलेल्या ताकदीचे, म्हणजे ठिणग्यांची उंची मोजली की पदार्थ कुठला ते कळतं. मग तिच्यासमोर जुन्या गॅसबत्तीची जाळी जवळ नेली. त्यात थोरियम असतं. टिकटिक एकदम वाढली, कढईत मोहरी पडल्यासारखी. वहिनी दोन पावलं मागे. मी जाळी डबीत बंद केली आणि ती तिच्यापासून लांब गच्चीवर नेऊन ठेवली. वहिनीने टाळ्या वाजवल्या.

आई दारात उभी होती, हात पुसत. "काय गं हे, घरात सुतारपक्षी पाळल्यासारखं. डोकं उठलं." मग जरा थांबून: "नक्की सांगतो तरी काय हा डबा?"

"जे आहे ते सांगतो."

"कशातही असलं तरी?"

"कशातही. मातीत, भिंतीत."

"माणसाच्या अंगात?"

"अंगातसुद्धा."

"बरं," म्हणाली, आणि गेली. उठताबसताना हल्ली कमरेवर हात ठेवते. विचारलं तर: "काही नाही गं." आमच्या घरात कुणालाही काहीही विचारा, उत्तर हेच. मीही तेच देते.

१० मार्च, मंगळवार

कंपनीत सिनिअरना सांगितलं. त्यांना सगळे मिलिग्राम म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. आम्ही वजनकाटे तपासतो. दुकानांचे, औषधांच्या कारखान्यांचे. मिलिग्रामना चहात साखर किती पडली तेही दशांशात सांगता येतं.

ते म्हणाले, "महिनाअखेरच्या रविवारी मंडळात आणा की. बघू दे लोकांना."

मंडळ म्हणजे रेडिओ, दुर्बिणी, असलं काही घरी बनवणाऱ्यांचं. महिन्यातून एकदा जमतात. मी कोपऱ्यात बसून ऐकते, आजवर काही दाखवलेलं नाही. या वेळी मी हो म्हणाले. म्हणून गेल्यावर लगेच शब्द परत घ्यावासा वाटला. पण हो म्हटलं!

दादाला कळलं. "तिथे कुणी विचारलं की हा आकडा खरा कशावरून, तर काय सांगशील? माझा डबा म्हणतो म्हणून?"

बोचलं, कारण प्रश्न बरोबर आहे. एकोणतीस तारखेला मला एवढंच दाखवायचंय: हे यंत्र खरं सांगतं.

१३ मार्च

शिशाचं घर बांधलं. छपरांच्या कामातल्या शिशाच्या पट्ट्या, एकावर एक, चारही बाजूंनी, वर झाकण. भिंतीतून, जमिनीतून येणारे किरण बाहेर अडावेत म्हणून. दादाने पट्ट्या जिन्यावरून वर आणल्या. तिसऱ्या खेपेला जिन्यातच बसला. "तुझ्या लग्नात एवढं उचलायला लावू नकोस म्हणजे झालं."

बांधून झाल्यावर तोच म्हणाला, "घराला खिडकी ठेवलीस होय?"

केबलसाठी बोटभर फट राहिलीय. मी सांगितलं, आता याला बाहेरचं काही दिसणार असेल तर फक्त या फटीतून. आई चहा घेऊन आली होती. कप ठेवून वाकून फटीतून आत पाहिलं, शेजाऱ्यांच्या घरात बघावं तसं. वाकताना तोंड कसंनुसं झालं. "पाठ भरलीय," म्हणाली.

फट नंतर बुजवायची. शिशाची तार आणावी लागेल.

१७ मार्च, मंगळवार

आज नवल घडलं. सगळं लिहून ठेवते.

बॅकग्राउंड घ्यायला आजपासून सुरुवात. म्हणजे समोर काहीच ठेवायचं नाही, यंत्र रात्रभर नुसतं चालू. शिसं कितीही लावलं तरी थोडे किरण येतातच, ते मोजून ठेवायचे. पुढे प्रत्येक मोजणीतून ते वजा केले की उरतं ते आपल्या वस्तूचं. कंपनीत रिकामं भांडं ठेवून काटा शून्य करतात, तसंच. नळी तापते तसे आकडे किंचित सरकतात, म्हणून दर दहा मिनिटांची वेगळी फाइल ठेवली आणि शेवटी सगळ्यांची बेरीज.

कंपनीतून लवकर निघाले. पाचला चालू केलं आणि तेवढ्यात आई आली. सकाळपासून बाहेर होती, बँकेची कामं. हातात पाण्याची बाटली. "बसू का गं इथे जरा?"

आई माझ्या खोलीत येते ती कपडे ठेवायला, नाहीतर पसाऱ्यावर बोलायला. बसत नाही. मी म्हटलं, बस.

तिने खुर्ची ओढली ती बरोबर केबलपाशी, फटीसमोर. "आई, थोडी डावीकडे सरक, केबल आहे."

"असू दे. मला इथूनच बरं दिसतं."

काय दिसणार? शिसं. पण हट्टाने तिथेच बसली. मी आधी स्पीकर बंद केला. गेल्या वेळी डोकं उठलं म्हणाली होती.

थोड्या वेळाने: "आज वाजत नाही का?"

"बंद केलंय. तुला त्रास होतो ना."

"अगं, आज नाही होणार. असू दे चालू."

"नको, मग रात्री डोकं धरून बसशील."

मी ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर सोल्डरचे डाग देत होते, पाठ तिच्याकडे. मधेच तिने विचारलं, "काही दाखवतंय का गं?"

मी न वळताच सांगितलं, "काही नाही. हे नुसतं बॅकग्राउंड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नसताना जे असतं ते. नंतर सगळ्यातून वजा करून टाकायचं."

"असं होय," म्हणाली.

वहिनीने डोकावलं तर आई लगेच: "तू नको आत येऊस, वायरींचा पसारा आहे, पाय अडकेल." वहिनी उंबऱ्यावरूनच हसली. "आईंनी पक्ष बदलला! आता डब्याचीच बाजू."

आई दोन बाटल्या पाणी प्यायली. सारखी उठून जायची, पुन्हा येऊन बसायची, त्याच खुर्चीत. ताटसुद्धा इकडेच मागवलं! दादा म्हणाला, "शास्त्रज्ञबाईंनी मोहिनी घातली आईवर." फारसं बोललो नाही आम्ही. पण चार तास आई माझं काम बघत बसली होती. जाताना शिशावर हात ठेवला.

"चांगलं केलंयस," म्हणाली.

आजवर तो डबा होता.

१८ मार्च

बॅकग्राउंड पूर्ण. बेरीज करून ठेवली. खालच्या ताकदीला उंचवटा जरा जास्त, पण तिकडे असतोच. ठीक आहे.

आई आज दिवसभर वहिनीच्या खोलीत, बाळाच्या दुपट्यांना कडा घालत. माझ्या खोलीकडे फिरकली नाही. ठीक आहे.

२० मार्च, शुक्रवार

हे काय आहे?

पोटॅशियम क्लोराइडची पिशवी समोर ठेवून रात्रभर मोजलं. किरणांच्या ताकदीच्या आलेखात पोटॅशियमची टेकडी १४६० वर यायला हवी, तिथेच आली. उभी, रेखीव! तेवढ्यावर मी खुर्चीतून उठले होते. मग बॅकग्राउंड वजा केलं. टेकडी आणखी छान निघाली. पण खाली, १४० वर, खड्डा.

शून्याच्या खाली. म्हणजे त्या जागी शून्यापेक्षा कमी किरण आले! असं नसतं. किरण येतात किंवा येत नाहीत. परत जात नाहीत.

२१ मार्च

दादा: "ऋण किरण! अगं, बक्षीस मिळेल तुला. मंडळात सत्कार."

वहिनी: "गप्प बसा हो. तिचा चेहरा बघा."

चेहरा कसा होता मला माहीत नाही. मी वर निघून आले.

२३ मार्च

पट्टी पुन्हा तपासली. उजेड नाही. दाब स्थिर. आकडे सरकलेत का पाहिलं, थोरियमच्या टेकड्या जिथल्या तिथे. पोटॅशियमची पिशवी काढून गॅसबत्तीची जाळी ठेवली, वजा केलं. खड्डा. दोन्ही काढून नुसता साध्या मिठाचा पुडा ठेवला, वजा केलं. खड्डा! तोच, तिथेच, तेवढाच.

स्फटिकाला काही झालं असेल? तेल सरकलं? उघडायला मन धजत नाही. तो थर पुन्हा तसा जमेल याची खात्री नाही.

मिलिग्रामना सांगितलं, रविवारी नको. ते म्हणाले, "नाव कळवून झालंय. बिघडलेलं यंत्र घेऊन या, तेही बघायला आवडतं लोकांना." मला नाही आवडणार. माझं यंत्र खोटं बोलतं असं चारचौघांत दाखवायला मी जाणार नाही.

आई जेवताना: "काय म्हणतोय तुझा तो? काही सांगतो का?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिने पुन्हा विचारलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

आज दुपारी औषधविक्रेता काटा काखोटीला मारून तणतणत आला. "तुम्हीच तपासून दिलात. भांडं ठेवलं की उणे दाखवतो! उणे! मी गिऱ्हाइकाला काय, माझ्या पदरचं देऊ?"

मी काटा लावून पाहिला. व्यवस्थित. त्याला विचारलं, सकाळी शून्य कुणी केलं? पोराने. पोर शून्य करताना काट्यावर काय होतं? त्याने आठवून आठवून पाहिलं आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. रोज तिथेच ठेवतात.

"काट्याला बोल लावू नका," मी म्हटलं. महिन्यातून दहा जणांना मी हे वाक्य ऐकवते. "शून्य करताना पारड्यात जे असतं, ते तुम्ही उचललंत की तेवढाच खड्डा—"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

यंत्र बरोबर आहे! सुरुवातीपासून बरोबर आहे. सतरा तारखेला खोलीत काहीतरी होतं, आता नाही. बॅकग्राउंड घेताना पारड्यात काहीतरी होतं.

२७ मार्च

दहा-दहा मिनिटांच्या फाइली होत्या म्हणून.

एकेक उघडली. पहिल्या फाइलपासून १४० वर टेकडी. एवढी स्पष्ट की मी त्या संध्याकाळी एकदा जरी पडद्याकडे वळले असते तरी दिसली असती. मग दोन-तीन फाइलींनंतर एकीत अर्धी. पुन्हा पूर्ण. पुन्हा अर्धी. असं रात्री नऊपर्यंत. नऊनंतर काही नाही, सकाळपर्यंत सपाट. आणि टेकडी असते तेव्हासुद्धा दर तासाला थोडी थोडी बुटकी होत जाते.

१४० वर येतं आणि काही तासांत निम्मं होतं असं एकच आहे, टेक्नीशियम. ते जमिनीत नसतं, भिंतीत नसतं, भंगारात मिळत नाही. ते फक्त इस्पितळात असतं. शिरेतून देतात आणि मग यंत्राखाली निजवून आतलं बघतात. हाडं, नाहीतर हृदय. नंतर सांगतात, भरपूर पाणी प्या, वरचेवर जाऊन या. आणि एक दिवस गरोदर बाईच्या जवळ बसू नका.

पाण्याची बाटली. सारखं उठून जाणं. "तू नको आत येऊस."

टेकडी उठून जायची, पुन्हा येऊन बसायची.

एवढ्या छोट्या फटीतून, शिशाच्या आडून, माझ्या यंत्राने ती बरोबर टिपली. मंडळातल्या कुणाच्याही यंत्राने हे केलं नसतं. हे लिहिताना मला अभिमान वाटतोय आणि हात गार पडलेत. दोन्ही खरं आहे.

आणखी एक लिहून टाकते. ती माझं काम बघायला आली नव्हती. वहिनीपासून लांब राहायला जागा हवी होती, घरात तेवढी एकच खोली. "चांगलं केलंयस" हेसुद्धा उठताना काहीतरी बोलायचं म्हणून.

२८ मार्च, शनिवार

दादा वहिनीला तपासणीला घेऊन गेला. आई टेबलाशी मटार सोलत होती. मी लॅपटॉप शेंगांच्या शेजारी ठेवला.

"सतरा तारखेला कुठे गेली होतीस?"

"बँकेत. सांगितलं की."

"बँकेत इंजेक्शन देतात?"

शेंग हातातच राहिली. "कुणी सांगितलं?"

"यंत्राने."

मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर उठून जाईल. ती लॅपटॉपकडे बघत राहिली. मी बोट ठेवून दाखवलं: ही तू आलीस, ही पाणी पिऊन उठलीस, ही पुन्हा बसलीस, इथे जेवलीस.

"सांगितलं म्हणायचं त्याने," म्हणाली. उशिरा का होईना, पाहुणा पोचला, अशा सुरात.

मग बोलली. मटार सोलत, वर न बघता. तीन वर्षांपूर्वी काढलेली ती कॅन्सरची गाठ. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता चिंता नाही, फक्त लक्ष ठेवा. दोन महिन्यांपासून पाठ रात्रीची झोपू देत नाही. म्हणून हाडं बघायला सांगितली, तिथे काही पोचलंय का ते. एकटी गेली, एकटी आली. रिपोर्ट सोमवारी.

"दादाला माहीत आहे?"

"वेडी आहेस का? हिचे दिवस भरत आलेत. तो हिला सांगितल्याशिवाय राहायचा नाही."

"आणि मला?"

ती बराच वेळ एकच शेंग सोलत होती. "तुला सांगायला बसले की तू कामात असतेस. आणि मग मलाच वाटतं, काय सांगायचं."

मी म्हटलं, "म्हणजे वहिनीपासून लांब म्हणून माझ्या खोलीत."

"हो. तेही होतंच."

मला रडता येत नाही असं घरातले म्हणतात. मी उरलेले मटार सोलले. तिच्यापेक्षा भरभर. ती म्हणाली, "दाणे उडतायत, हळू." मग दोघी हसलो. तिने विचारलं, "रविवारी जाणार ना मग तू? बिघडलेलं नाही ना ते?"

"नाही. बिघडलेलं नव्हतंच."

"मग जा. नीट साडी नेस नाहीतर काहीतरी बरं घाल. तो डागवाला शर्ट नको."

सोमवारी मी बरोबर जाणार हे मी सांगितलं. विचारलं नाही. ती "बरं" म्हणाली.

२९ मार्च, रविवार

मंडळ. शर्ट इस्त्रीचा.

फट बुजवून काल रात्रभर नवं बॅकग्राउंड घेतलं, त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. आज मंडळाकडे परवानगीने ठेवलेल्या सीझियमच्या नमुन्यासमोर लावलं. टेकडी ६६२ वर, हवी तिथेच; रुंदी, जी कमी तेवढी चांगली, सात टक्के. सात! विकत घेतलेल्या यंत्रांच्या बरोबरीने. मागून कुणीतरी म्हणालं, "हे घरी?" मिलिग्रामनी चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्याकडून तो सत्कारच.

एका दाढीवाल्या गृहस्थांनी दादाचाच प्रश्न विचारला: "हे खरं सांगतंय कशावरून?"

माझ्याकडे त्याहून चांगला पुरावा होता. फाइल लॅपटॉपमध्येच होती. दाखवली नाही. एवढंच म्हटलं, "गेल्या आठवड्यात मी चुकले होते आणि हे चुकलं नव्हतं." लोक हसले. मीही.

घरी आले तर आई फाटकाशी. "काय झालं?"

"सात टक्के."

"म्हणजे पास?"

"पास."

जुनं बॅकग्राउंड पुसून टाकायला हवं, आता उपयोग नाही. पुसलं नाही.

३० मार्च, सोमवार

हाडं स्वच्छ आहेत. डॉक्टर दोनदा म्हणाले, मी तिसऱ्यांदा वाचलं. मणक्याची झीज आहे, पट्टा आणि व्यायाम. आईने बाहेर येऊन बाकावर बसून पाण्याची अख्खी बाटली संपवली. आज गरज नव्हती.

संध्याकाळी तिने दादा-वहिनीला सांगून टाकलं. दादा चिडला, मग माझ्या खोलीत येऊन त्या शिशाच्या घराकडे बघत उभा राहिला. बाँबचं नाव काढलं नाही. "यानेच पकडलं?" म्हणाला. मी मान हलवली.

३१ मार्च

एक राहिलं होतं. काल परत येताना बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, आई म्हणाली, "खुर्ची मी मुद्दाम तिथे ओढली होती. तूच म्हणालीस ना, त्याला बाहेरचं दिसतं ते त्या फटीतून. मला तोंडाने सांगता येईना. म्हटलं, ते सांगेल."

चार तास ती ते वाजायची वाट बघत बसली होती. आवाज मी बंद केला होता.